एकट्याचं बिल निम्मं का येत नाही?

"घरात चौघं होतो तेव्हा वीजबिल दोन हजारांच्या आसपास यायचं. आता मी एकटाच, तरी बाराशे येतं. मीटरमध्ये काही गडबड नाही ना?" मुलं परगावी गेलेली, जोडीदार गेलेला किंवा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात एकट्यानं बिऱ्हाड मांडलेलं, अशा कुणाशीही बिलाचा विषय काढा, थोड्याफार फरकानं हेच ऐकू येतं. मीटर बहुतेक वेळा ठीकच असतो. आपण बिलाला माणसांनी भागायला जातो, आणि बिल माणसांवर चालत नाही. फ्रिज चौघांसाठी जेवढा चालतो, जवळजवळ तेवढाच एकट्यासाठी चालतो. पंख्याखाली एक जण बसलाय की तिघं, याचं पंख्याला काही नसतं. वाय-फायचा राउटर तसाच लुकलुकत राहतो. आणि बिलातला स्थिर आकार तर घराला कुलूप असलं तरी चुकत नाही.

म्हणून "खोलीबाहेर पडताना दिवा बंद करा" हा सल्ला एकट्या माणसाच्या फारशा कामाचा नाही. एकटा माणूस एका वेळी एकाच खोलीत असतो आणि आता दिवे एलईडीचे आहेत. नऊ वॅटचा दिवा रोज पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. पैसे वाचवायचे असतील तर आपण घरात नसताना आणि झोपलेलो असताना काय काय चालू असतं, तिकडे बघायला हवं. त्याच्याही आधी बिल पुढ्यात घ्यायला हवं.

महावितरणच्या बिलावर 'भरायची रक्कम' सोडून बाकी मजकूर आपण वाचतच नाही. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क असं सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं. वीज आकाराचे टप्पे आहेत: पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर वेळोवेळी बदलतात, पण गेल्या काही वर्षांचं गणित ढोबळमानानं असं आहे की सगळे आकार आणि शुल्क धरून पहिल्या शंभरातला युनिट सातच्या आसपास पडतो आणि शंभरच्या पुढचा युनिट तेरा-साडेतेरा रुपयांना. म्हणजे जवळपास दुप्पट. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, गोव्यात सरकारचं वीज खातं. तिथले आकडे वेगळे असतील, पण टप्पे पाडण्याची रीत अशीच.

शंभर युनिट ओलांडले की सगळंच बिल महाग दरानं लागतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. महाग दर फक्त शंभरच्या पुढच्या युनिटांना लागतो. तरीही ही रेघ एकट्या माणसासाठी फार महत्त्वाची आहे, कारण एसी नसलेलं एका माणसाचं घर नेमकं या रेघेच्या अलीकडे-पलीकडे घोटाळत असतं. समजा, महिन्याला १३० युनिट जळतात. तिथून तीस युनिट कमी केले तर चारशे रुपयांच्या आसपास वाचतात. शंभरावरून सत्तरावर यायलाही तीसच युनिट कमी करावे लागतात, पण वाचतात जेमतेम दोनशे दहा. तेव्हा शंभरच्या वर असाल तर आधी तिथवर या, त्यासाठी थोडा खर्च केला तरी वसूल होतो. आधीच सत्तर-ऐंशीवर असाल तर उगाच जिवाचा आटापिटा करू नका. पुढचं बरंचसं तुमच्यासाठी नाही.

बिलावर आणखी एक जागा पाहायची, ती मागील रीडिंग आणि चालू रीडिंगची. तिथे आकड्याऐवजी 'लॉक', 'आरएनए' किंवा 'फॉल्टी' असं काही छापलेलं असेल तर ते बिल तुमच्या वापराचं नाही, सरासरीचं आहे. एकट्यानं राहणाऱ्यांच्या बाबतीत हे वरचेवर होतं. मीटर दाराच्या आत, माणूस दिवसभर कामावर. रीडिंग घेणारा येतो आणि कुलूप बघून जातो. दोन-तीन महिने सरासरी बिल भरल्यावर एकदम मोठा आकडा येतो आणि डोळे पांढरे होतात. महावितरणच्या ॲपवरून मीटरचा फोटो काढून स्वतः रीडिंग पाठवता येतं, ते दर महिन्याला पाठवावं. साठलेलं रीडिंग एकाच बिलात आलं तर टप्पे तितक्या महिन्यांत विभागून लावलेत ना, हे नक्की तपासा. तीन महिन्यांचे २४० युनिट एकाच महिन्याचे धरले तर शंभरची सवलत एकदाच मिळते. खरं तर ती तिन्ही महिने मिळायला हवी.

आता स्थिर आकार. सिंगल फेजला तो महिन्याला सव्वाशे-दीडशेच्या घरात असतो. थ्री फेजला तिपटीहून जास्त. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही त्यांना काकू म्हणतो, तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. मुलाच्या लग्नाच्या वेळी दोन एसी बसवले, तेव्हा जोडणी थ्री फेज करून घेतली होती. मुलगा आता बंगळुरूला, एसीवर चादर. "काकू, तुम्ही युनिटं कशाला मोजताय? आधी हा वरचा आकडा बघा," असं त्यांना म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, तो सरकारी असेल म्हणून मी कधी विचारलंच नाही." भार कमी करून जोडणी सिंगल फेजवर आणण्यासाठी अर्ज करता येतो. एकाच खोलीत एक एसी चालणार असेल तर सिंगल फेज पुरते. मात्र आधी वायरमनला घरातला एकूण भार बघायला सांगा. ही बचत करायला रोज काहीही करावं लागत नाही. एकदा कागद हलला की दर महिन्याला दोन-तीनशे रुपये वाचतातच. त्याच खेपेत सुरक्षा ठेवीचीही चौकशी करा. ठेव सरासरी वापरावर ठरते. चौघांच्या वापरावर भरलेली ठेव एकट्याच्या वापराला जास्त होत असेल, तर जादा रक्कम परत मागता किंवा बिलात वळती करून घेता येते.

आता घरातल्या यंत्रांकडे. कोणतं यंत्र किती वीज खातं हे कळण्यासाठी वेगळं उपकरण विकत घ्यायची गरज नाही, ते मीटरवरच लावलेलं असतं. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी '३२०० इम्पल्स' किंवा '१६००' असं कोरलेलं असतं. ३२०० चा अर्थ असा, की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाला. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३२०० चा मीटर असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, १६०० चा असेल तर २२५० ला. जे उत्तर येईल तितके वॅट त्या क्षणी घरात खर्च होताहेत. पंधरा सेकंदांनी लुकलुकत असेल तर ११२५ भागिले १५, म्हणजे ७५ वॅट. एक पंखा.

रात्री झोपण्याआधी, पंखा आणि दिवे बंद करून हा प्रयोग करा. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असेल अशी वेळ साधा. तरीही दिवा दहा-बारा सेकंदांनी लुकलुकत असेल, तर घरात शंभर-एक वॅट कुठे तरी जिरताहेत. मग एकेक प्लग काढत जा आणि बघत जा. रिमोटनं 'बंद' केलेला सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, कधीच न उतरवलेले चार्जर, कॉर्डलेस फोनचा तळ, बटण चालूच राहिलेला गीझर, वॉटर प्युरिफायर. चोवीस तास चालणारे दहा वॅट महिन्याला सात युनिट होतात, म्हणजे पन्नास वॅटचे छत्तीस. शंभरच्या रेघेवर बसलेल्याला ही एक तृतीयांश वीज. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन झोपताना त्याचं एकच बटण बंद करणं, इतकं सोपं काम आहे. चार्जर मात्र फार मोजत बसू नका. फोन काढलेला आजकालचा चार्जर नगण्य वीज घेतो.

या चोवीस तासवाल्यांत सगळ्यात मोठा फ्रिज. चौघांच्या वेळचा, पंधरा वर्षं जुना, दोन दारांचा फ्रिज महिन्याला चाळीस युनिटही घेऊ शकतो. आता १८०-१९० लिटरचा एका दाराचा, चांगले स्टार असलेला फ्रिज पंधरा युनिटांच्या आसपास भागतो. त्याच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. स्टार मोजण्यापेक्षा तो आकडा वाचा, कारण मोठ्या फ्रिजचे पाच स्टार आणि लहान फ्रिजचे तीन स्टार यांत लहानच कमी वीज खाणारा निघू शकतो. पण म्हणून चालता फ्रिज लगेच काढून टाकायची घाई नको. पंचवीस युनिट वाचले तरी नव्या फ्रिजची किंमत वसूल व्हायला चार-पाच वर्षं जातात. तो बिघडेपर्यंत वापरा आणि नवा घेताना मोह आवरा. "पाहुणे आले तर?" या प्रश्नावर मराठी घरांत जितक्या मोठ्या वस्तू घेतल्या जातात, तितके पाहुणे आता येत नाहीत. तोवर दाराचं रबर तपासा. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर थंडी बाहेर जातेय. रबर काही शे रुपयांत बदलून मिळतं. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर बोटभर झाला की डीफ्रॉस्ट करा. मागची भिंत आणि फ्रिज यांत वितीएवढं अंतर ठेवा.

पंख्याचं गणित मात्र लगेच वसूल होणारं आहे. साधा छताचा पंखा ७०-७५ वॅटचा असतो, बीएलडीसी पंखा २८-३५ वॅटचा. दिवसाला सोळा तास चालवला तर साधा महिन्याला छत्तीस युनिट घेतो, बीएलडीसी चौदा-पंधरा. वीस-एकवीस युनिट वाचले आणि तुम्ही शंभरच्या वर असाल तर ते तेरा रुपयांचे, म्हणजे महिन्याला अडीचशेहून अधिक. अडीच-तीन हजारांचा पंखा वर्षभरात फुकट. एकट्या माणसाला इथे आणखी एक फायदा आहे: घरातले चारही पंखे बदलायची गरज नाही. ज्या पंख्याखाली तुम्ही झोपता, तेवढा एक बदला. बैठकीतला पंखा दिवसाला दोन तास चालत असेल तर त्याला हात लावू नका. आणि जुना डबडा रेग्युलेटर, तो तापणारा चौकोनी, अजून भिंतीवर असेल तर पंखा हळू केल्यानं वीज फारशी वाचत नाही, ती रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला की वाचते.

एसीबद्दल थोडक्यात. २०२० पासून नवे एसी चालू केल्यावर आपोआप २४ अंशांवर सुरू होतात. तो आकडा खाली नेऊ नका, पंखा मंद सोडा, दार लावा. एकट्यासाठी एका खोलीला एक टन पुरतो. एसी रात्री चार तास जरी चालवला तरी शंभरची रेघ विसरा. उन्हाळ्याचे ते दोन-अडीच महिने जास्त बिल येणार हे धरूनच चाला. विदर्भात राहणाऱ्याला, त्यातही वय झालेल्याला, मे महिन्यात एसी किंवा कूलर बंद ठेवून वीज वाचवायचा सल्ला मी देणार नाही. तसंच रात्री बाथरूमच्या वाटेवरचा दिवा. अर्ध्या वॅटचा एलईडी रात्रभर चालला तर महिन्याला रुपयाभराची वीज होते. अंधारात पाय घसरला तर एकट्या माणसाला उचलायलाही कुणी नसतं.

गीझर. पुण्याच्या थंडीत नळाचं पाणी वीसच्या आसपास अंशांवर असतं. अठरा लिटरची एक बादली अंघोळीपुरती कोमट करायला साधारण शून्य पूर्णांक चार युनिट लागतात. यात काटकसर करता येत नाही, कारण पाणी तापवायला जितकी उष्णता लागते तितकी लागतेच, मग गीझर कुठल्याही कंपनीचा असो. वाया जाते ती ठेवलेल्या पाण्याची उष्णता. पंधरा लिटरचा साठवणीचा गीझर चोवीस तास चालू ठेवला तर कुणी अंघोळ केली नाही तरी तो दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट नुसता पाणी गरम ठेवण्यात घालवतो. महिन्याचे पंधरा-वीस युनिट. उपाय साधा आहे: अंघोळीआधी बारा-पंधरा मिनिटं चालू करायचा आणि बादली भरायला लागताच बंद. विसरायला होत असेल तर टायमरचं सॉकेट मिळतं, मात्र ते १६ अँपिअरचंच घ्या. थर्मोस्टॅट पन्नास-पंचावन्नवर ठेवा. साठ-पासष्ट अंशांचं पाणी तापवायचं आणि त्यात गार पाणी ओतायचं, यात काय मिळतं? नवा घ्यायचा असेल तर एकट्याला सहा ते दहा लिटरचा पुरे. तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरमध्ये साठवणीचा तोटा नाही, पण तो तीन किलोवॅटचा असतो, भाड्याच्या जुन्या घरातली वायरिंग तेवढी सोसेल का ते बघून घ्या. बादलीत टाकायचा रॉड स्वस्त पडतो, पण घरात एकट्या राहणाऱ्यानं तो वापरू नये. शॉक बसला तर बटण बंद करायला दुसरं माणूस नाही.

गॅस की इंडक्शन, यावर हल्ली ठामपणे सांगणारे खूप आहेत. ठाम उत्तर नाही, पण हिशेब मांडता येतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली ऊर्जा आणि शेगडीवर वाया जाणारी आच धरली, तर भांड्याला मिळणारी उष्णता साधारण ११० युनिटांइतकी होते. तेव्हा सिलिंडरच्या तुमच्या गावच्या दराला ११० नं भागा. साडेआठशेचा सिलिंडर असेल तर पावणेआठ रुपये येतात. इंडक्शनमध्ये साधारण ८५ टक्के वीज भांड्यात जाते, म्हणून युनिटच्या दराला ०.८५ नं भागा. शंभराच्या आतला सात रुपयांचा युनिट सव्वाआठ रुपयांना पडतो, शंभरच्या पुढचा पंधरा-सोळा रुपयांना. म्हणजे कमी वीज वापरणाऱ्याला दोन्ही जवळपास सारखेच आणि शंभरच्या पुढे गेलेल्याला इंडक्शन सरळसरळ महाग. उलट, कनेक्शन नसलेल्या, वर्षभरासाठी आलेल्या विद्यार्थ्याला इंडक्शन सोयीचं. डिपॉझिट नको, सिलिंडर चढवणं नको. बिनकनेक्शनचा पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, पण किलोमागे तो महाग पडतो. कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या टाकीतून भरून मिळणारा गॅस मात्र घेऊ नका. तो बेकायदा आहे आणि जीवाशी खेळ आहे.

खरी बचत इंधन बदलण्यात नाही, स्वयंपाकाच्या पद्धतीत आहे. एकट्यासाठी पाच लिटरचा कुकर लावणं म्हणजे अर्धा वेळ कुकरच तापवणं. दोन लिटरचा घ्या, त्यात डब्यांत खाली वरण, वर भात, बाजूला बटाटा. डाळ तासभर भिजवलेली असली की एखाद-दुसरी शिट्टी कमी लागते. शिट्टी झाल्यावर आच बारीक करा आणि शेवटी गॅस बंद करून वाफ जिरू द्या, ती पाच मिनिटं फुकटची आहेत. कडधान्यं एकदाच दोन-तीन दिवसांची शिजवून ठेवा आणि वाटीभर काढून घ्या. उसळ दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, हे काही बचतीसाठी सांगत नाही. शेगडीची ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नर साफ करा, भांड्याच्या बुडाला काजळी धरतेय म्हणजे गॅस वाया जातोय.

पाण्याचं बिल वेगळ्या कारणानं चुकतं. सोसायटीत राहत असाल तर तुमचं पाणी कुणी मोजतच नाही. इमारतीला एक मीटर आणि त्याचं बिल सभासदांत वाटलं जातं. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टीची वाटणी प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार यांवर करावी असं म्हटलंय, माणसांवर नाही. पुष्कळ सोसायट्या तेही करत नाहीत, सरळ सगळ्यांना सारखं लावतात. त्यामुळे दोन बाथरूमच्या घरात एकटी राहणारी आजी आणि शेजारचं सहा जणांचं कुटुंब सारखंच भरतात. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असं मानक आहे. एकटं माणूस कशाला तेवढं वापरेल? तुम्ही एकट्यानं पाणी वाचवलंत तर मेंटेनन्स एक रुपयानं कमी होणार नाही, पण उन्हाळ्यात टँकरचा खर्च सगळ्यांच्या माथी येतो. ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत फ्लॅटनिहाय मीटरचा विषय मांडायला एकट्या राहणाऱ्यांनीच पुढाकार घ्यायला हवा, कारण फायदा त्यांचाच. त्यासाठी आधी लेखी पत्र द्या. सभेत आयत्या वेळी तोंडी मांडलेला विषय चहाबरोबर संपतो.

जिथे घराला स्वतंत्र मीटर आहे, तिथे आधी गळती शोधा. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचं रीडिंग घ्या आणि सकाळी पाणी वापरायच्या आधी पुन्हा बघा. काटा हलला असेल तर कुठे तरी पाझर आहे. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला वीस-पंचवीस लिटर सांडतो, वॉशर दहा-वीस रुपयांना मिळतं. फ्लशच्या टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग, जिलबीचा केशरी चालेल, टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीचा वॉल्व्ह गळतोय. जुन्या टाक्या एका वेळी दहा-बारा लिटर ओततात. त्यात पाण्यानं भरलेली लिटरची बाटली उभी ठेवली की दर वेळी लिटरभर वाचतं. वीट टाकू नका, ती विरघळून वॉल्व्ह खराब करते.

घरी भांड्यांना मावशी येत असतील तर नळ धो धो सुटलेला असतो आणि आपल्याला बोलायचा संकोच होतो. बोलू नका, नळाच्या तोंडाला जाळीचा एरेटर बसवून घ्या. धार भरघोस दिसते, पाणी कमी येतं, मावशींना वाईटही वाटत नाही.

आरओ फिल्टरबद्दल माझं मत जरा कडक आहे. तो एक लिटर पिण्याचं पाणी देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतो. पाण्यातले विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच म्हटलं होतं. खडकवासल्याचं पुण्याला येणारं किंवा तानसा-वैतरणा-भातशाचं मुंबईला येणारं पाणी या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतं. टीडीएस मोजायचं पेन दोन-तीनशे रुपयांत मिळतं. एकदा मोजा. नगरपालिकेचं पाणी असेल तर साधा यूव्ही फिल्टर पुरे. वर्षाचा मेंब्रेन-सर्व्हिसिंगचा खर्चही वाचेल. बोअर किंवा टँकरचं जड पाणी असेल तर आरओ ठेवा आणि सोडलेलं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, फ्लशला वापरा.

वॉशिंग मशीन आठवड्यातून एकदा, पूर्ण भरून, गार पाण्यावर. गरम पाण्याचा कार्यक्रम लावला की त्याच धुण्याला पाच-सहापट वीज लागते. घरी स्मार्ट मीटर बसला असेल तर महावितरणनं १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत ठेवली आहे. निवृत्त माणसाला ती सहज घेता येते, मशीन आणि इस्त्री अकराच्या सुमारास उरका. नोकरीवाल्यांना रविवार आहेच.

भाड्यानं राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. घरमालक सबमीटर लावून युनिटला सरसकट दहा-बारा रुपये घेत असेल तर मूळ बिलाची प्रत मागा. शंभराच्या आतल्या वापराला तो दर कुठून आला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि घरात शिरताना व सोडताना मीटरचा फोटो काढा, तारखेसकट. बिल मागच्या महिन्याचं येतं, त्यामुळे घर सोडल्यावर मालक डिपॉझिटमधून अंदाजानं रक्कम कापतो आणि तो अंदाज कधीच तुमच्या बाजूचा नसतो. शेवटच्या रीडिंगवर किती युनिट होतात त्याचा हिशेब कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, मगच किल्ली द्या.

गणपतीला किंवा दिवाळीला आठ-दहा दिवस गावी जाणार असाल तर फ्रिज रिकामा करून बंद करा, दार फटीएवढं उघडं ठेवा, नाहीतर आल्यावर कुबट वास येतो. गीझरची आणि प्युरिफायरची बटणं भिंतीवरून बंद. पाण्याचा मुख्य कॉक बंद. छापील बिल नको असेल तर महावितरणच्या 'गो ग्रीन'मध्ये नोंदणी करून टाका, बिलात सूट मिळते. बिल निघाल्याच्या तारखेपासून आठवडाभरात भरलं तर तत्पर भरण्याची सूटही असते. तिची मुदत बिलावरच छापलेली असते.